दोन अंशांचा फरक कसा मोजायचा

हैदराबादेत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एप्रिल उजाडला की हमखास एक प्रश्न पडतो: गच्चीला पांढरा रंग मारला तर घर खरंच थंड राहील का? हा प्रश्न आता एकेका घरापुरता उरलेला नाही. तेलंगणा सरकारने एप्रिल २०२३ मध्ये शीत छत धोरण जाहीर केलं. २०२८ पर्यंत राज्यातली ३०० चौरस किलोमीटर छतं ऊन परतवणारी करायची, त्यातली २०० चौरस किलोमीटर एकट्या हैदराबाद महानगरात, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याआधी २०१७ मध्ये शहरातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये २५ घरांवर प्रयोग झाला होता. त्यात घरातलं तापमान सरासरी दोन अंशांनी कमी भरलं.

मे महिन्याच्या रात्री झोप लागण्यासाठी हे दोन अंश फार मोलाचे आहेत. मोजायला मात्र ते अवघड आहेत. बाजारात मिळणारं स्वस्त डिजिटल थर्मामीटर अंशभर इकडेतिकडे असतंच. रंगवलेल्या छताखाली एक आणि बिनरंगाच्या छताखाली दुसरं ठेवलं, एक अंशभर वर आणि दुसरं अंशभर खाली दाखवत असलं, की रंगाचा सगळा परिणाम त्या दोन यंत्रांच्या भांडणात हरवून जातो. म्हणून हा लेख. थर्मिस्टर, एक अचूक रोधक आणि माहिती नोंदवणारं साधं हार्डवेअर घेऊन दोन अंशांचा फरक खात्रीने दिसेल असं मापन घरच्या गच्चीवर करता येतं. साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास सगळं सामान येतं. खरी गुंतवणूक वेळेची आहे.

थर्मिस्टरच का, याचं सगळ्यात चांगलं उत्तर याच शहरात आहे. उप्पल रस्त्यावर राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. सगळे तिला एनजीआरआय म्हणतात, मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव आहे. पृथ्वीच्या पोटातून किती उष्णता वर येते हे या संस्थेतले शास्त्रज्ञ अनेक दशकं मोजत आले आहेत. खोल विंधनविवरात केबलला बांधलेला थर्मिस्टर सोडायचा आणि ठरावीक अंतरावर थांबत तापमान नोंदवत जायचं, ही त्यांची पद्धत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर घेतलं गेलं. ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि त्याखालचा प्राचीन खडक लागला. तिथली उष्णता मोजायलाही हैदराबादचेच लोक होते.

अशा खडकात किलोमीटरभर खाली गेलं तर तापमान साधारण वीस अंशांनी वाढतं. म्हणजे एका मीटरला अंशाचा पन्नासावा भाग. एवढा बारीक फरक पकडायचा आणि वर शेकडो मीटर तार लोंबकळत असताना पकडायचा. तारेला स्वतःचा रोध असतो, आणि इथेच थर्मिस्टर बाजी मारतो. प्लॅटिनमच्या प्रसिद्ध पीटी१०० संवेदकाचा रोध एका अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो. म्हणजे जोडतारेत दोन ओहम आले, की दोनतारी जोडणीत पाच अंशांची चूक. २५ अंशांना १० किलोओहम असलेल्या थर्मिस्टरचा रोध एका अंशाला सुमारे ४४० ओहमने बदलतो. त्याच दोन ओहमांची चूक तिथे अंशाच्या दोनशेव्या भागाएवढीच. गच्चीवरून खाली खोलीत पंधरा-वीस मीटर तार आणणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं काही नाही.

याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या ७० विवरांमधल्या तापमानांवरून जमिनीचा पृष्ठभाग गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ०.९ अंशाने तापल्याचा निष्कर्ष २००२ मध्ये मांडला. शतकभराचं तापणं जमिनीखालच्या खडकात अंशाच्या अपूर्णांकांत उमटलेलं असतं, आणि ते वाचायचं साधन हा मण्याएवढा संवेदक आहे. तंत्र तेच, फक्त आपण ते गच्चीवर आणणार आहोत.

आता खरेदी. कोटीतल्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकानं दाटीवाटीने आहेत. तिथे नुसतं ‘टेम्परेचर सेन्सर’ मागितलं तर काहीही हातात पडेल. ‘एनटीसी, दहा के, बीटा ३९५०’ असं नेमकं मागा. एनटीसी म्हणजे तापला की रोध कमी होणारा. बीटा हा आकडा रोध किती वेगाने उतरतो ते सांगतो. पाण्यात चालणारा, स्टीलच्या टोपणातला आणि मीटरभर तारेसकट मिळणारा नमुना घ्या. तारेचं आवरण १०५ अंशांना टिकणारं आहे का, तेही विचारा. लागतील त्यापेक्षा दोन जास्त घ्या. मल्टीमीटर बरोबर न्या आणि दुकानातच सगळे एकत्र धरून तपासा. एकाच पेटीतले एकमेकांच्या जवळपास दाखवले पाहिजेत. एखादा फार वेगळा निघाला तर तो तिथेच परत द्या.

हाताशी काही आकडे ठेवा. या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम, ४५ अंशांना सुमारे ४.३५ आणि ६५ अंशांना सुमारे २.०९ किलोओहम असतो. हैदराबादच्या हवेचा आजवरचा उच्चांक ४५.५ अंश, २ जून १९६६ चा. पण उघड्या काँक्रीटची गच्ची दुपारी साठीच्या घरात जाते. तेव्हा आपली पट्टी २० ते ७० अंशांची धरायची.

संगणकाला रोध कळत नाही, व्होल्टेज कळतं. म्हणून थर्मिस्टर एका स्थिर रोधकाबरोबर एकसर जोडायचा, दोघांवर मिळून पाच व्होल्ट द्यायचे आणि मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज वाचायचं. अशा जोडीला दुभाजक म्हणतात. बहुतेक ठिकाणी स्थिर रोधकही १० किलोओहमचाच सुचवतात. खोलीच्या तापमानाला ते ठीक आहे. गच्चीला नाही. आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डाच्या मोजपट्टीवरच्या १०२४ पायऱ्यांपैकी एका अंशाला किती पायऱ्या मिळतात ते पाहा. १० किलोओहम लावला तर २५ अंशांना अकरा, पण ६५ अंशांना फक्त पाच. ४.७ किलोओहम लावला तर २५ ला जवळपास दहा आणि ६५ ला साडेसात. मोजायच्या पट्टीच्या मधोमध थर्मिस्टरचा जो रोध असेल, त्याच्या जवळचा रोधक निवडायचा, हा नियम लक्षात ठेवलात की हेच मंडल कुठेही चालतं. औषधांच्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश मोजायचे असतील तर थर्मिस्टर २६ किलोओहमच्या आसपास असतो, म्हणून २७ किलोओहमचा रोधक लावा. बाकी काही बदलत नाही.

स्थिर रोधक मेटल फिल्मचाच हवा. पाच टक्क्यांचा कार्बन रोधक गच्चीवरच्या डबीत तापला की स्वतःच सरकतो, आणि मग आपण गच्चीचं मोजतोय की डबीचं, हेच कळेनासं होतं. एक टक्क्याचा पुरतो, पण पाव अंशाची चूक आणतो. ०.१ टक्क्याचा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर कॅलिब्रेशन ती चूक पोटात घेईल. त्याकडे येतोच.

नोंदवणारं हार्डवेअर कोणतं घ्यावं? उनोमध्ये एक गुण आहे, जो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. थर्मिस्टरला मिळणारे पाच व्होल्ट आणि मोजपट्टीचे पाच व्होल्ट एकाच ठिकाणचे असतात. पुरवठा ४.८ झाला तरी दोन्ही एकदम उतरतात आणि गुणोत्तर तेच राहतं. म्हणून व्होल्टेज काढायच्या भानगडीत पडूच नका. वाचलेला आकडा भागिले १०२३ मधून तो आकडा वजा केलेली संख्या, गुणिले स्थिर रोधक. थर्मिस्टर जमिनीच्या बाजूला असेल तर हा त्याचा रोध. आकडा १०२३ आला तर तार तुटली, शून्य आला तर तारा एकमेकींना चिकटल्या. प्रोग्रॅममध्ये या दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. तापमान म्हणून लिहू नका.

माझी पसंती मात्र उनोला एडीएस१११५ ही चिप जोडण्याला आहे. तिच्यात चार मार्गिका असतात. तीन थर्मिस्टरांना तीन, आणि चौथीवर दुभाजकांना पुरवलेलं व्होल्टेजच मोजायचं. या चिपची मोजपट्टी स्वतःची असल्यामुळे उनोचा गुणोत्तराचा फायदा इथे आपोआप मिळत नाही. चौथी मार्गिका तो परत मिळवून देते. बदल्यात ६५ अंशांनाही एका अंशामागे जवळपास दोनशे पायऱ्या मिळतात. ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड वायफायमुळे मोह पाडतो, पण त्याच्या आतला रूपांतरक पट्टीच्या दोन्ही टोकांना वाकडा चालतो. तो वापरायचाच असेल तर मोजणी एडीएस१११५ कडे ठेवा, ईएसपी३२ फक्त निरोप्या.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एनआय कंपनीचं यूएसबी-६००८ हे माहिती नोंदवणारं यंत्र सर्रास असतं. विद्यार्थी ते वापरणार असतील तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, एकतारी जोडणीत त्याची पट्टी उणे दहा ते अधिक दहा व्होल्टची असते आणि एक पायरी सुमारे दहा मिलिव्होल्टची. ६५ अंशांना आपल्या मंडलात एका अंशाला ३७ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे जेमतेम चार पायऱ्या. विभेदी जोडणी करून पट्टी पाच व्होल्टपर्यंत आवळा, मग एका अंशाला पंधरा पायऱ्या मिळतात. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. या यंत्राचा प्रवेशरोध १४४ किलोओहम आहे आणि मोकळ्या टोकावर ते सुमारे १.४ व्होल्ट दाखवतं. आपल्या दुभाजकावर त्याचा भार पडतो. हिशेब केला तर २५ अंशांना ते जवळपास एक अंश जास्त दाखवेल आणि ६५ अंशांना मात्र जवळजवळ बरोबर. चूक सगळीकडे सारखी असती तर वजा करता आली असती, पण ही तापमानाबरोबर बदलते. मध्ये एमसीपी६००२ सारखा ऑपॅम्प बफर म्हणून घाला, की प्रश्न मिटतो.

गच्चीवर पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, लिफ्टची खोली असतेच. त्यांच्या ५० हर्ट्‌झची गुणगुण लांब तारेत शिरते. तारा एकमेकींभोवती पिळून घ्या, सांध्यावर जमिनीकडे ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडा आणि एकच वाचन न घेता १०० मिलिसेकंदांत पसरलेल्या पुष्कळ वाचनांची सरासरी घ्या. तेवढ्या वेळात ५० हर्ट्‌झची बरोबर पाच आवर्तनं होतात आणि त्यांची बेरीज शून्यावर येते. अशी सरासरी मिनिटाला एकदा पुरे. स्लॅब सेकंदासेकंदाला बदलत नाही. दिवसाच्या १४४० ओळी मेमरी कार्डावर साठवा आणि प्रत्येक ओळीला डीएस३२३१ घड्याळाची वेळ लावा. वीज गेली तरी त्याचं बटणसेल वेळ सांभाळतं.

आता अशी गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. थर्मिस्टरमधून प्रवाह जातो तेव्हा तो स्वतःही तापतो. पाच व्होल्ट आणि ४.७ किलोओहम असताना त्याच्यात सुमारे सव्वा मिलिवॅट उष्णता तयार होते. स्थिर हवेत लहान थर्मिस्टर दोन मिलिवॅटला साधारण एक अंश तापतो. म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त चूक. ही चूक सगळ्या थर्मिस्टरांना सारखी नसते. स्लॅबमध्ये गाडलेल्याची उष्णता काँक्रीट ओढून घेतं, खोलीत टांगलेल्याची तशीच राहते. आपण तर हवा आणि स्लॅब यांचीच तुलना करणार आहोत. उपाय सोपा आहे. दुभाजकाला कायमचे पाच व्होल्ट देऊ नका. उनोच्या डिजिटल पिनवरून द्या: पिन चालू करा, दहा मिलिसेकंद थांबा, वाचा, बंद करा. मिनिटातला सेकंदभरही प्रवाह वाहत नाही. पिनला स्वतःचा वीस-पंचवीस ओहम रोध असतो. एडीएस१११५ ची चौथी मार्गिका त्याच पिनवर लावली की तो हिशेबातून निघून जातो. नुसता उनो असेल तर प्रत्येक थर्मिस्टरला वेगळी पिन द्या आणि कॅलिब्रेशन त्याच जोडणीने करा.

इथे थांबून पाहू. एक टक्का सहनमर्यादेचा थर्मिस्टर २५ अंशांना पाव अंश चुकू शकतो. बीटाही एक टक्का चुकला तर ६५ अंशांना आणखी जवळपास अर्धा अंश. असे दोन थर्मिस्टर उलट्या दिशांना चुकले तर त्यांच्यात दीड अंशाचा फरक नुसत्या कारखान्यामुळे पडतो, आणि आपल्याला शोधायचे आहेत दोन अंश. म्हणून कॅलिब्रेशन टाळता येणार नाही. त्यातही सगळे थर्मिस्टर खऱ्या तापमानाशी जुळणं जितकं महत्त्वाचं, त्याहून ते एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. सगळे एकाच दोऱ्याने टोकाला टोक लावून बांधा आणि एकाच भांड्यात, एकाच वेळी वाचा.

पहिला बिंदू शून्याचा. पिण्याच्या शुद्ध पाण्याचा बर्फ किसून किंवा बारीक कुटून थर्मासमध्ये घट्ट भरा आणि बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं, ओतून काढा. याला कारण आहे. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे तळाशी चार अंशांचं पाणी साचू शकतं आणि थर्मिस्टर तळाला टेकला तर तो शून्य नव्हे, ते पाणी मोजतो. टोक मधोमध ठेवा, दहा मिनिटं थांबा.

दुसरा बिंदू चाळिशीच्या आसपासचा, आणि त्यासाठी घरातच विश्वासू साधन आहे: ताप पाहायचं डिजिटल थर्मामीटर. चांगल्या कंपनीचं ते ०.१ अंशापर्यंत खरं असतं. थर्मासमध्ये ४० अंशांच्या आसपास कोमट पाणी घ्या, लाकडी काडीने सतत ढवळत राहा, थर्मामीटरचं टोक आणि थर्मिस्टरांची जुडी शेजारी शेजारी धरा. ताप मोजायचं थर्मामीटर पोहोचलेला सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतं, म्हणून पाणी निवत असताना जुना आकडा बघत बसू नका. ते वाजेल त्याच क्षणीची थर्मिस्टरांची वाचनं घ्या, आणि तीन-चार वेळा बंद-चालू करून पुन्हा घ्या.

तिसरा बिंदू उकळत्या पाण्याचा, पण हैदराबादेत तो १०० अंश नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटर उंचावर आहे. हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल असतो आणि पाणी ९८.२ अंशांच्या आसपास उकळतं. १०० धरून चाललात तर वरच्या टोकाला जवळपास दोन अंशांची, म्हणजे नेमकी आपण शोधतो आहोत तेवढीच चूक स्वतःच्या हाताने घालाल. त्या दिवशीचा दाब पाहून घ्या. हवामान खात्याचा आकडा बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो, आपल्याला स्थानिक हवा. फोनमध्ये दाबमापक असेल तर तो चालतो. दहा हेक्टोपास्कलला उत्कलनबिंदू सुमारे पाव अंश सरकतो. थर्मिस्टरची तार १०५ अंशांची नसेल तर हा बिंदू सोडा आणि प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या थर्मामीटरशी साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात तुलना करा.

हे तीन बिंदू मिळाले की स्टाइनहार्ट-हार्ट समीकरणाची तीन स्थिरपदं काढता येतात. १९६८ साली समुद्रविज्ञानाच्या एका नियतकालिकात आलेलं हे समीकरण आजही जगभर चालतं. केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक बरोबर पहिलं स्थिरपद, अधिक दुसरं गुणिले रोधाचा नैसर्गिक लॉगॅरिदम, अधिक तिसरं गुणिले त्याच लॉगॅरिदमचा घन. तीन बिंदू, तीन समीकरणं, अकरावी-बारावीचा विद्यार्थी सहज सोडवेल. प्रत्येक थर्मिस्टरची स्थिरपदं वेगळी काढा, तारेला क्रमांकाची चिठ्ठी लावा आणि कार्डावर तापमानाबरोबर मूळ रोधही लिहून ठेवा. पुढे एखादं स्थिरपद सुधारावं लागलं तर महिन्याभराच्या नोंदी वाया जात नाहीत.

इथवर इलेक्ट्रॉनिक्स झालं. आता जे सांगायचं आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थर्मिस्टर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. गच्चीचं सांगत नाही, खोलीचंही नाही. त्याचं तापमान आणि आपल्याला हव्या त्या वस्तूचं तापमान एक करणं हे आपलं काम आहे, आणि तिथे झालेली चूक कोणतीही सोळा बिटांची चिप भरून काढत नाही.

स्टीलचं टोपण गच्चीवर नुसतं ठेवून वर चिकटपट्टी लावली तर ते निम्मं हवेला आणि निम्मं उन्हाला लागून असतं. चकचकीत स्टील ऊन परतवतं, खालचं काँक्रीट शोषतं, आकडा दोघांच्या मधला कुठला तरी येतो. त्याऐवजी छिन्नीने टोपणाच्या जाडीएवढी, बोटभर लांब चर काढा, टोपण आत झोपवा, बारीक वाळू-सिमेंटच्या गिलाव्याने बुजवा आणि पृष्ठभागाशी सपाट करा. गिलावा वाळला की आजूबाजूला जो रंग असेल तोच त्यावर लावा, म्हणजे ती जागा उन्हाला वेगळी दिसणार नाही. तारही लगेच वर उचलू नका. वीतभर ती पृष्ठभागाच्या आतूनच न्या. तांबं उष्णता वाहून नेतं, आणि तार सरळ हवेत निघाली तर ती टोपणातली उष्णता सतत काढत राहते. गच्चीत आधीच गळती असेल किंवा वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर चर मुळीच काढू नका. पातळ गिलाव्याच्या चकतीखाली टोपण बसवा.

आतल्या बाजूला, छताला खालून, टोपणाला उष्णतावाहक पेस्ट लावून चिकटवा आणि वरून थर्मोकोलचा छोटा तुकडा बसवा, नाहीतर पंख्याच्या हवेचं तापमान मिळेल. खोलीच्या हवेसाठी तिसरा थर्मिस्टर जमिनीपासून सव्वा मीटरवर, भिंतीपासून दूर टांगा. त्याच्याभोवती वर-खाली उघडी, बाहेरून चकचकीत कागदाची नळी ठेवा. तापलेलं छत अंगावर उष्णता फेकतं ती त्याला लागू नये म्हणून.

पावसाचं भानही ठेवायला हवं. तारेच्या सांध्यात ओलावा शिरला की थर्मिस्टरला समांतर एक गळतीचा मार्ग तयार होतो. एक लाख ओहमची गळतीसुद्धा २५ अंशांना दोन अंश जास्त दाखवते, आणि दुपारी थर्मिस्टरचाच रोध कमी असल्याने तीच गळती पाऊण अंशाच्या आसपासच राहते. म्हणून मृगाच्या सरींनंतर रात्री अचानक उबदार दिसू लागल्या तर आधी सांधा उघडून पाहा. डाग दिलेल्या प्रत्येक जोडावर आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि गच्चीवर नेण्याआधी सांधा पाण्याच्या पेल्यात बुडवून वाचन बदलतं का ते पाहा.

सगळं बसवल्यावर एनजीआरआयच्या लोकांकडून घेण्यासारखी आणखी एक सवय आहे: थांबणं. विवर खणताना खडकाचं तापमान ढवळलं जातं, म्हणून ते स्थिरावेपर्यंत ही मंडळी वाट पाहतात. आपणही ताजा गिलावा वाळेपर्यंत, निदान आठवडाभर, आलेल्या आकड्यांवरून काही ठरवू नये.

मग आलेख काढा. वरचा पृष्ठभाग दुपारी एक-दोनच्या सुमारास सर्वांत तापतो, पण पाच इंची स्लॅबच्या खालची बाजू त्यानंतर तीन-चार तासांनी. उन्हं उतरल्यावर वरचा मजला का भाजून निघतो ते या दोन रेषांमध्ये दिसतं. काचीगुडा, सुलतान बाजार भागात चुना-विटांच्या जाड कोब्याची जुनी मराठी घरं कुणाची असतील, त्यांनी हे अवश्य मोजावं. कोबा जितका जाड तितकी ही रेष आणखी उजवीकडे सरकलेली आणि चपटी मिळेल.

रंगाचा परिणाम मोजताना ‘गेल्या आठवड्यात रंगाआधी इतकं, या आठवड्यात रंगानंतर इतकं’ अशी तुलना करू नका. मधल्या काळात ढग आले, वारा फिरला, वळीव पडला तर श्रेय रंगाला जाईल किंवा दोष त्याच्या माथी येईल. शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्या निवडा. आधी दोन्ही बिनरंगाच्या असताना आठ-दहा दिवस नोंदी घ्या. त्यांच्यातही फरक असेलच, एखादीला पश्चिमेची भिंत जास्त असते. तो फरक लिहून ठेवा. मग एकीच्याच छताला रंग द्या आणि तेवढेच दिवस पुन्हा नोंदी घ्या. आधीचा फरक आणि नंतरचा फरक यांची वजाबाकी म्हणजे रंगाने दिलेली थंडाई. दोन्ही खोल्यांत पंखे, खिडक्या, माणसांचा वावर सारखा ठेवा. निदान रात्री दहा ते सकाळी सहा तरी ते पाळता येतं, आणि झोपेसाठी तेच तास मोलाचे आहेत.

दोन खोल्या नसतील तर रंगवताना गच्चीच्या मध्यावर मीटरभर लांब-रुंद चौकोन बिनरंगाचा सोडा आणि एक थर्मिस्टर त्याच्या मधोमध, दुसरा रंगवलेल्या भागात गाडा. यातून पृष्ठभागाची तुलना चोख होते. खालच्या छताची मात्र होत नाही, कारण एवढ्याशा चौकोनाची उष्णता स्लॅबमध्ये आडवी पसरून जाते. त्यामुळे ‘पृष्ठभाग पंधरा अंशांनी थंड’ हा आकडा पाहून खोलीही पंधरा अंशांनी थंड झाली, असं कुणाला सांगू नका. रंग विकणारे हा आकडा पुढे करतात तेव्हा तो कुठला, हे विचारायचं.

तो चौकोन पुढच्या वर्षीही तसाच राहू द्या. शहराची धूळ, पावसाळ्यातलं शेवाळ, पाण्याच्या टाकीचे ओघळ यांनी पांढरा रंग मळतो आणि दोन थर्मिस्टरांमधली दरी दरवर्षी आटत जाते. होळीनंतर, ऊन तापू लागलं की निरभ्र आकाशाचे चार-पाच दिवस निवडा आणि दुपारी दोनचा फरक आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहा. निम्म्यावर आला असेल तर आधी गच्ची घासून धुवा आणि पुन्हा मोजा. धुऊनही फरक परतला नाही, तरच नव्या रंगाचा खर्च करा.